साहेबांची तारीख

खैरओढ्याच्या हायस्कूलचं बांधकाम दसऱ्यालाच पुरं झालं होतं. जुन्या दगडी इमारतीचे कुजलेले वासे आणि कौलं उतरवून वर स्लॅब टाकला, भिंतींना नवा गिलावा केला आणि तिला काटकोनात जोडून दोन मजली नवी इमारत उभी राहिली. प्रयोगशाळा झाली, मुलींची स्वच्छतागृहं झाली, संगणकाला वेगळी खोली झाली. कुंडलहून पलूसकडं जाणारी एसटी तिथून गेली की खिडकीतली माणसं माना वळवून बघायची. फिक्का पिवळा रंग, खाली तांबडा पट्टा आणि मधोमध लोखंडी जाळीचं मोठं दार. त्या दाराला कुलूप होतं.

कुलूप का, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. साहेबांची तारीख मिळत नव्हती.

साहेब म्हणजे मंत्री. त्यांच्याच खटपटीनं निधी मिळाला होता, आणि इमारतीचं उद्घाटन त्यांच्याच हातून होणार, असा शब्द संस्थेचे अध्यक्ष नानासो यांनी दिला होता. नानासोंनी या इमारतीसाठी मुंबईच्या किती चकरा मारल्या हे त्यांनाच माहीत. त्यांच्या वडिलांनी ही शाळा काढली तेव्हा तिला भिंतीसुद्धा नव्हत्या, मारुतीच्या देवळात वर्ग भरत. वडिलांच्या नावाचा दगड जुन्या इमारतीत होता, आता आपल्या नावाचा संगमरवर नव्या इमारतीत लागावा, एवढी त्यांची इच्छा. तो लागलाही होता. साहेबांचं नाव, नानासोंचं नाव, खाली ‘दिनांक’ आणि दिनांकापुढं कोरी जागा. त्यावर मखमलीचा पडदा सोडून ठेवला होता.

दसऱ्याला साहेब परदेशी होते. दिवाळीला घरी होते, पण कुणाला भेटत नव्हते. दिवाळी सरली आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली. मग उद्घाटनाचं नावच काढायची सोय राहिली नाही.

तोवर शाळा मंगल कार्यालयात भरत होती. बांधकाम सुरू झालं तेव्हा नानासोंच्या चुलतभावानं आपलं कार्यालय शाळेला वापरायला दिलं होतं. मोठ्या मनानं दिलं, यात शंका नाही. मांडवाचे पडदे बांधून एका हॉलचे सहा वर्ग केले. आठवीचा इतिहास दहावीच्या बीजगणितात मिसळायचा. नवरा-नवरीच्या स्टेजवर फळा टेकवून ठेवलेला, त्याच्या मागं थर्माकोलचे मोर. पावसाळाभर हे निभलं. पण तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची सुरू झाली. मुहूर्त असला की शाळेला सुट्टी. आदल्या दिवशी चारला मुलांनीच बाकं उचलून भिंतीशी रचायची, तिसऱ्या दिवशी सकाळी अक्षता झाडून पुन्हा मांडायची.

मुख्याध्यापिका संयोगिता मॅडम हे सगळं गप्प बसून चालवत होत्या. त्यांचं माहेर साताऱ्याकडचं, सासर पलूसचं. नवरा जयराज फौजेतनं सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. त्या स्वतः कुणाशी भांडणाऱ्या नव्हत्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत संस्थेनं सांगितलं ते केलं, वरच्यांनी बोलावलं तिथं गेल्या, सभेत मागच्या रांगेत बसल्या. मुख्याध्यापिका झाल्यावरही दहावीचं गणित त्यांनी सोडलं नव्हतं, तेवढाच काय तो त्यांचा हट्ट. मुलं त्यांना घाबरायची, कारण त्या ओरडायच्या नाहीत. नुसत्या थांबायच्या आणि बघत राहायच्या.

त्या दोनदा नानासोंकडं जाऊन आल्या. उद्घाटन होईल तेव्हा होऊ दे, निदान दहावीला तरी आत बसू दे, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत आहे, असं त्यांनी सांगून पाहिलं. नानासोंनी दोन्ही वेळा चहा पाजला आणि दोन्ही वेळा सांगितलं की वापरलेल्या इमारतीचं उद्घाटन करायला साहेबांना बोलावणं म्हणजे उष्ट्या ताटावर पाहुणा बसवणं. मॅडम परत आल्या.

डिसेंबरातला तो सोमवार. दहावीची चाचणी होती. मॅडम सकाळी कार्यालयापाशी आल्या तर रस्त्यावर मुलांची ही गर्दी. आत आचारी आले होते. झालं होतं असं, की त्या दिवशी संध्याकाळी एक साखरपुडा होता, शाळा सुटल्यावर. पण रात्रीतून दोन्ही घरच्यांनी ठरवलं की साखरपुड्यातच लग्न उरकून टाकू. मुहूर्त निघाला दुपारचा. शाळेला कुणी कळवायचं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बाकं बाहेर काढून ठेवली होती आणि चार बायका दहावीच्या बाकांवर कोबी चिरत बसल्या होत्या.

मॅडमनी नानासोंना फोन लावला. ते सांगलीला, हळदीच्या सौद्याला गेलेले. मागं लिलावाचा गलका चालला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, सुट्टी देऊन टाका. मॅडम म्हणाल्या, या महिन्यातली ही कितवी सुट्टी, मला मोजवत नाही. नानासो हसले. एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय, म्हणाले, आणि फोन ठेवला.

मॅडम फोन हातात धरून उभ्या राहिल्या. शेजारी दहावीतली प्रांजल होती. ही धनगरवस्तीवरची मुलगी, सायकलनं येणारी. घरून दोन मैल आली होती, कपाळावर घाम होता. तिनं तक्रार केली नाही. नुसतं विचारलं.

“मॅडम, आजपण घरी जायचं का?”

त्या ‘पण’नं मॅडमच्या काळजाला काय झालं ते त्यांना नंतरही कधी नीट सांगता आलं नाही. रागावल्या म्हणावं तर रागावल्या नव्हत्या. आतून एकदम मोकळं मोकळं वाटलं, एवढंच. त्या म्हणाल्या, “नाही. दप्तरं उचला.”

मांडव घालणाऱ्या गड्याकडून त्यांनी खुंट्या ठोकायचा घण मागून घेतला. त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही, मॅडमनी सांगितलं नाही. साडीचा पदर खोचला, घण उजव्या हातात घेतला आणि त्या रस्त्यानं चालू लागल्या. मागनं सगळी शाळा. चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, मिरवणूक कसली गा ही?

शाळेच्या पटांगणात आल्यावर खेळाचा शिक्षक रविराज पळत पुढं आला. रविराज तरुण होता, नोकरीला लागून वर्ष-दीड वर्ष झालेलं, अजून कायम व्हायचा होता. संस्थेची खप्पामर्जी झाली तर उद्या घरी बसला असता. त्यानं घणाकडं हात केला आणि म्हणाला, “आणा इकडं मॅडम. मी करतो.”

मॅडमनी घण दिला नाही. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “सर, तुम्ही मुलांना ओढ्याकडं तोंड करून उभं करा. तुम्हीही तिकडंच बघा. बाकीच्या शिक्षकांनाही सांगा. कुणी विचारलं तर कुणी काही बघितलेलं नाही.”

रविराज घुटमळला. मॅडम थांबल्या आणि त्याच्याकडं बघत राहिल्या. मग तो वळला, शिट्टी वाजवली आणि मोठ्यानं म्हणाला, “सावधान! पीछे मुड!”

सगळी शाळा एका अंगानं वळली. पाचवीतल्या पोरांपासून इतिहासाच्या गुरुजींपर्यंत सगळ्यांच्या पाठी दाराकडं. समोर ओढा, ओढ्यापलीकडं ऊस, उसावर तुरे आलेले. आणि मागनं घणाचा आवाज यायला लागला. पहिला घाव चुकला, जाळीवर बसला आणि सगळं दार झणाणलं. दुसरा कुलपावर. कुलूप भक्कम होतं. मॅडमचं वय पन्नाशीपुढचं, हात खडूचा. घाव पडत राहिले, मधे थांबायचे, पुन्हा पडायचे. एकही पोरगं वळलं नाही. शेवटी काहीतरी खळकन फरशीवर पडलं आणि मॅडमचा दम लागलेला आवाज आला, “या आता.”

आत यायला मुलं धजेनात. रंगाचा वास होता, फरशीवर पांढरी धूळ होती, बाकांवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. कुणी सांगितलं नाही तरी मुलांनी चपला बाहेर काढून ठेवल्या. दहावीच्या वर्गात फळा एवढा काळा होता की मॅडमनी त्यावर तारीख लिहिली तेव्हा खडूचा आवाजसुद्धा वेगळा आला. त्यांच्या तळहाताला फोड आले होते. त्यांनी हजेरी घेतली आणि चाचणीचे पेपर वाटले.

नानासो दुपारी आले. सांगलीहून गाडी कुठं न थांबवता आले असावेत. चेहरा उतरला होता. पटांगणात उभं राहून त्यांनी तुटलेलं कुलूप बघितलं, मग मॅडमना बाहेर बोलावलं. आवाज चढवला नाही. त्यांच्यात ती रीत नव्हती.

“कुलूप तुमी फोडलं?”

“हो.”

“संगं कोण कोण हुतं?”

“कुणीच नाही. सगळ्यांची पाठ होती.”

नानासोंनी व्हरांड्यातल्या शिक्षकांवरून नजर फिरवली. सगळे खाली बघत होते. मग ते म्हणाले, “मॅडम, आजपत्तूर तुमी उलट शब्द काढला न्हाई. आज हे काय करून बसला? उद्घाटन व्हायचंय अजून.”

“उद्घाटन करा की,” मॅडम म्हणाल्या. “मी नुसती शाळा भरवलीय.”

उद्यापासून पुन्हा कार्यालयात, असं बजावून नानासो गेले. संध्याकाळी त्यांचा माणूस नवं कुलूप घेऊन आला. बघतो तर दाराला आधीच एक कुलूप लावलेलं. मॅडमनी मधल्या सुट्टीत रविराजला न पाठवता, शिपायाला न पाठवता, स्वतः कुंडलला जाऊन ते आणलं होतं आणि किल्ली पर्समध्ये टाकून त्या घरी गेल्या होत्या. माणसानं नानासोंना फोन केला. नानासो म्हणाले असावेत, राहू दे. आपल्याच शाळेचं कुलूप दुसऱ्यांदा फोडणं त्यांना बरं दिसलं नसणार.

घरी मॅडमनी जयराजला सगळं सांगितलं. तो फौजेतला माणूस. हुकूम मोडणं त्याला पटण्यासारखं नव्हतं. त्यानं सगळं ऐकलं, हाताच्या फोडांना हळद लावली आणि विचारलं, “पेन्शनचे कागद संस्थेच्याच सहीनं जाणार ना?” मॅडम म्हणाल्या, हो. त्यानं हळदीची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाला, “मग आता माघार घेऊ नकोस. अर्ध्यात परत फिरणाऱ्याला दोन्हीकडनं मार बसतो.”

दुसऱ्या दिवशी शाळा नव्या इमारतीतच भरली. तिसऱ्या दिवशी शाळेचं पाणी बंद झालं. टाकीला पाणी नानासोंच्या विहिरीवरनं येत होतं. मोटर जळली, असा निरोप आला. मोटर जळलेली नाही हे सगळ्यांना माहीत होतं, कारण शेजारच्या उसात पाणी चालू होतं. एक दिवस मुलांनी बाटल्या आणून काढला. नव्याकोऱ्या स्वच्छतागृहांना मॅडमना कड्या घालाव्या लागल्या, आणि त्यांना ते कुलूप फोडण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी प्रांजलची आई हरणाबाई शाळेत आली. तिचं माणूस कळप घेऊन दूर गेलेलं, घर तीच बघायची. माहेर जतकडचं, जिथं उन्हाळ्यात पाण्यासाठी भांडणं होतात. ती एकटी आली नव्हती. मागं ट्रॅक्टर होता, ट्रॅक्टरला द्राक्षबागेला पाणी आणायचा टँकर, आणि टँकरबरोबर वस्तीवरच्या आणि गावातल्या मिळून दहा-बारा बायका. गावातल्या बायका वस्तीवरच्या बायकांबरोबर एका ट्रॅक्टरवर बसून आल्याचं खैरओढ्यात कुणी कधी बघितलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, तुम्ही यात पडू नका, तुम्हाला त्रास होईल. हरणाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला.

“आवं मॅडम, आमाला पान्याची भीती कुनी दाखवायची? पानी आनन्यातच जलम गेला आमचा. तुमी आपलं शिकवा.”

टँकर रोज यायला लागला. आठ दिवसांनी नानासोंची मोटर दुरुस्त झाली. तसा निरोप काही आला नाही, नुसतं पाणी आलं.

एक मात्र झालं. संस्थेकडून मॅडमना खुलासा मागवणारं पत्र आलं. मॅडमनी एका ओळीत उत्तर दिलं: विद्यार्थी बाहेर होते आणि वर्ग आत होते, म्हणून दार उघडलं. जयराजनं आणखी चार ओळी लिही म्हणून सुचवलं. त्यांनी लिहिल्या नाहीत.

जानेवारीत आचारसंहिता उठली आणि साहेबांची तारीख आली. शुक्रवार, सकाळी दहा.

नानासो स्वतः शाळेत आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते खुर्चीवर टेकले. आज ते अध्यक्षासारखे बोलत नव्हते. म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं. आता तीन दिवस इमारत रिकामी करून द्या. भिंतींवर हात लागलेत, तिथं रंग मारायचाय. पटांगणात मांडव पडेल, बँड येईल, मुलांचं लेझीम, मुलींच्या हातात आरत्या. साहेबांपुढं माझी मान खाली जाऊ देऊ नका.

मॅडमनी समोरचं वेळापत्रक त्यांच्याकडं सरकवलं. शुक्रवारी दहावीच्या पूर्वपरीक्षेचा बीजगणिताचा पेपर होता, अकरा ते एक. पेपर तालुक्यातल्या सगळ्या शाळांना एकच. एका शाळेनं दिवस बदलला तर दुसऱ्या शाळेतनं पेपर फुटलेला असणार. रंग रविवारी मारा, मांडव घाला, बाकीचे वर्ग कार्यक्रमाला बसतील, लेझीमही करतील, असं त्या म्हणाल्या. दहावी मात्र पेपर लिहील, आणि याच इमारतीत लिहील.

“साहेब धाला येनार. अकराला मोकळं हुतंय सगळं,” नानासो म्हणाले.

“दहाला आले तर माझी काहीच हरकत नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण अकराच्या ठोक्याला पेपर सुरू होईल आणि त्यानंतर कर्णा वाजणार नाही, बँड वाजणार नाही, फटाकडी उडणार नाही.”

नानासो उठले. दारात थांबून म्हणाले, “मंत्र्याला गप्प बसा म्हनून सांगनार तुमी?”

“सांगेन,” मॅडम म्हणाल्या.

शुक्रवार उजाडला. पटांगणात भगवा-पांढरा मांडव, खुर्च्यांच्या रांगा, पुढं सोफे. दाराला तांबडी फीत बांधलेली, शेजारी तबकात कात्री. दहा वाजले, साडेदहा वाजले. साहेबांचा पत्ता नव्हता. पावणेअकराला दहावीची मुलं दारापाशी जमली आणि फितीपुढं थबकली. फीत ओलांडायची कशी? कार्यकर्त्यांपैकी एकानं मुलांना मागं व्हायला सांगितलं. नानासोंनी फोन कानाला लावला होता, साहेब विट्यात होते, निघतच होते.

मॅडम पुढं आल्या. त्यांनी फीत तोडली नाही. दोन बोटांनी वर उचलून धरली आणि म्हणाल्या, “वाका आणि आत चला. धक्का लागू देऊ नका.”

एकेक करून मुलं फितीखालनं आत गेली. प्रांजल सगळ्यात शेवटी गेली. उंच होती, तिला जास्त वाकावं लागलं. मग मॅडमनी फीत हळूच खाली सोडली. ती तशीच ताठ राहिली. अकराला घंटा झाली.

साहेब आले तेव्हा बारा वाजून गेले होते. गाड्यांच्या रांगेचा धुरळा रस्त्यावर दिसला तसा बँडवाल्यांनी वाद्यं खांद्याला लावली. दारातनं मॅडम चालत आल्या, बँडच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि नुसता हात वर केला. बँडमास्तर नानासोंकडं बघायला लागला. नानासो साहेबांच्या गाडीकडं धावले होते. बँडमास्तराची धाकटी बहीण आतच पेपर लिहीत होती. त्यानं क्लॅरिनेट खाली घेतलं.

म्हणून साहेब उतरले ते शांततेत. इतक्या शांततेची त्यांना सवय नसावी, त्यांनी इकडं तिकडं बघितलं. कुणीतरी कर्ण्यावर घसा खाकरला आणि मॅडमनी तिकडं नजर वळवताच तो बंद झाला. नानासो काहीतरी सांगायला लागले, तेवढ्यात मॅडमनी पुढं होऊन नमस्कार केला.

“साहेब, मी इथली मुख्याध्यापिका. आत दहावीचा गणिताचा पेपर चालू आहे. एकला सुटेल. तोपर्यंत आवाज नको, एवढी विनंती आहे. कार्यक्रम तुम्ही करा, बोलायचं ते एकनंतर बोला. मुलंही ऐकतील.”

साहेबांच्या कपाळावर आठी आली. सेक्रेटरीनं त्यांच्या कानात पुढच्या गावची वेळ सांगितली. त्यांनी घड्याळ बघितलं, खिडकीतनं आत वाकलेल्या मुलांच्या माना बघितल्या, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, ते नानासोंना म्हणाले, “एकपर्यंत काय आपल्याला थांबता येणार नाही. कात्री आणा.”

फीत कापली. टाळ्या वाजवायला उठलेले हात मॅडमकडं बघून अर्ध्यात थांबले. पडदा सरकला, फोटो निघाले, दिनांकाची कोरी जागा तशीच होती. साहेब व्हरांड्यातनं पाय न वाजवता चालले, प्रयोगशाळा बघितली, बाहेर आले आणि गाडीत बसले. सगळं मिळून चहा निवायला लागतो तेवढा वेळ. धुरळा पुन्हा रस्त्यावर उडाला.

एकला घंटा झाली. मुलं बाहेर आली तेव्हा मांडव अर्धा रिकामा होता. नानासो पहिल्या सोफ्यावर एकटे बसले होते, हातात भाषणाचे कागद. मॅडम त्यांच्याजवळ गेल्या. राग त्यांच्या मनात उरला नव्हता.

नानासो वर न बघता म्हणाले, “माझ्या बापानं देवळात शाळा भरवली, ते सांगनार हुतो मी साहेबांपुढं. तेवढंच सांगायचं हुतं.”

“आत्ता सांगा,” मॅडम म्हणाल्या. “मुलं आहेत. मी पण बसते ऐकायला.”

नानासोंनी कागद घडी करून खिशात घातले. “मुलांपुढं काय सांगायचं,” म्हणाले, आणि उठून गेले.

मॅडमना त्यांचं वाईट वाटलं. पण पुन्हा तशी वेळ आली असती तर त्यांनी पुन्हा तेच केलं असतं, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी मनात एकदम राहू शकतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

आठवड्यानं बदलीचा कागद आला. संस्थेची जत तालुक्यात एक शाखा होती, तिथं नव्या शैक्षणिक वर्षापासून रुजू व्हायचं. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेल्या बाईला घरापासून एवढं लांब टाकणं म्हणजे काय, ते सांगायला नको. शिक्षकांनी एकत्र निवेदन द्यायचं ठरवलं. मॅडमनी नको म्हटलं. हरणाबाईनं बायका घेऊन नानासोंच्या दारात बसायची तयारी केली, तिलाही मॅडमनी थांबवलं. बदली करायचा त्यांना अधिकार आहे, म्हणाल्या. शाळा बंद ठेवायचा नव्हता.

हरणाबाईला ते फारसं पटलं नाही. पण ती म्हणाली, “जतला माझा भाऊ हाय, बिराप्पा. त्याला सांगून ठेवते. तितं तुमाला कुनी एकटं समजायचं न्हाई.”

बोर्डाची परीक्षा नव्या इमारतीत झाली. निकाल चांगला लागला. प्रांजल पलूसच्या कॉलेजात सायन्सला गेली. त्याआधी, उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या अगोदर, गावानं निरोपाचा समारंभ ठरवला, तोही मॅडमनी तास बुडणार असतील तर नको म्हणून कळवलं, शेवटी तो रविवारी झाला. नानासो आले नाहीत. त्यांनी नारळ आणि शाल पाठवून दिली. पेन्शनच्या कागदांचं काय होणार ते अजून कुणालाच माहीत नव्हतं.

जूनमध्ये मॅडम जतच्या शाखेत रुजू झाल्या. जयराजनं तिथं दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. माळरानावरची ही शाळा, वारा असा की खडूची पूड फळ्यावर टिकत नाही. पहिल्या आठवड्यातच बिराप्पा दुधाची चरवी घेऊन येऊन गेला होता.

एके दिवशी मधल्या सुट्टीत रविराजचा फोन आला. नव्या मुख्याध्यापकांची तब्येत बरी नव्हती, इतिहासाचे गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले, म्हणून त्या दिवसापुरता शाळेचा भार रविराजकडं आला होता. संस्थेच्या कुठल्याशा मेळाव्यासाठी दोन दिवस वर्ग मोकळे करा, मुलांना सुट्टी द्या, असा सकाळी निरोप आला होता. खुर्च्यांचा टेम्पोही दारात येऊन उभा होता.

“मग?” मॅडमनी विचारलं.

“तास चालू हाईत, मॅडम. उठलो न्हाई आमी. टेम्पो गेला परत.”

मॅडमनी पुढ्यातला डबा बंद केला. मग म्हणाल्या, “तू अजून कायम झाला नाहीस ना रे?”

“न्हाई.”

“मग जरा जपून बोल त्यांच्याशी. आवाज चढवू नकोस.” फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, “पण उठू नका.”

घंटा झाली. मॅडमनी खडू घेतला आणि त्या नववीच्या वर्गाकडं निघाल्या.